छान म्हणायचं नाही

आमच्या भावोजींना कॉलेजात सगळे खिडकीसर म्हणत. हे नाव कुठल्या बॅचनं पाडलं कोण जाणे, पण चपखल पाडलं. हवामानाचा प्राथमिक कोर्स ते शिकवत, आणि त्यांचा तास फळ्यापाशी नाही, खिडकीपाशी सुरू व्हायचा. सगळ्या वर्गानं उठायचं, खिडक्यांशी दाटीवाटीनं उभं राहायचं आणि एकेकानं आकाशात काय दिसतंय ते सांगायचं. नियम दोनच. पहिला, 'छान' म्हणायचं नाही. "छान तुला वाटतंय," भावोजी म्हणायचे, "आकाशाला त्याचं काय? दिसतंय काय ते बोल." दुसरा, खालच्या ढगांनी वरचं झाकलं असेल तर अंदाजपंचे काहीतरी ठोकून द्यायचं नाही. सरळ 'वरचं दिसत नाही' म्हणायचं आणि गप्प बसायचं.

मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात टायपिंग करते. माझ्या ताईचे ते यजमान, त्यामुळे मेव्हणी म्हणून त्यांची टिंगल करायचा हक्क मला होता आणि तो मी कधी वाया जाऊ दिला नाही. ताई नटूनथटून समोर उभी राहिली तरी हा माणूस 'रंग निळा, बाह्या लांब' एवढंच म्हणेल, असं मी चिडवायची. "मग? लांबच आहेत ना बाह्या?" ते म्हणायचे. ताई सरळ हसत सुटायची. तेव्हा त्या घरात हसणं पुष्कळ होतं.

निवृत्त झाल्यावर भावोजींकडे हा एकच कोर्स उरला होता, तोही प्राचार्यांच्या मर्जीवर. घेणारी मुलं बहुतेक कॉमर्सची आणि भाषेची. विज्ञानाचा एक विषय घ्यावाच लागतो आणि यात गणित कमी, म्हणून ती इथे येऊन पडत. पण भावोजींना काय त्याचं. तासाच्या दिवशी ते पहाटेच इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत तयार बसत. बाकीच्या दिवशी मात्र ताई त्यांना तीनतीनदा हाक मारून उठवायची.

आणि ते विसरायला लागले होते. चष्मा, किल्ल्या, पाण्याचा नळ, हे सगळेच विसरतात. पण एकदा त्यांनी मला विचारलं, "आई कशी आहे तुमची?" आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि तिला खांदा द्यायला तेच पुढे होते. मी हसण्यावारी नेलं. ताईनं नेलं नाही. तिचं तोंड एवढंसं झालं.

सत्र संपत आलं तेव्हा प्राचार्यांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, सांगून टाकलं की यंदा मुलांची मतं ऐकूनच पुढचं ठरेल. बातमी मीच ताईला दिली. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "तो तास गेला ना, तर यांना सकाळी उठायला कारणच उरणार नाही. डॉक्टर म्हणतात, चालू आहे ते चालू ठेवा. तू तिथे असतेस. बघ काहीतरी."

मी काय बघणार? टाइप करणारी मी. तरी म्हटलं, "काळजी करू नकोस. पोरांचा जीव आहे त्यांच्यावर."

ते खरंच होतं. घात त्यानंच झाला.

आमच्या कॉलेजात मतं कागदावर घेत नाहीत. पूर्वी घ्यायचे, पण मुलं शेजाऱ्याचं बघून उतरवायची आणि सगळ्या वर्गाचं मत एकच निघायचं. म्हणून मोठ्या बाईंनी पद्धत बदलली. शिक्षकानं बाहेरच्या बाकावर बसायचं, बाईंनी वर्गात यायचं आणि मुलांनी उभं राहून बोलायचं. मी कोपऱ्यात बसून टाइप करायचं.

त्या दिवशी भावोजी बाहेर बसले तेव्हा मला डोळा मारून म्हणाले, "चुका करू नकोस गं टायपिंगमध्ये. माझी लाज जाईल." मी म्हटलं, "तुमची लाज माझ्या हातात असती तर केव्हाच विकली असती." माझ्या मेलीच्या जिभेला हाड नाही.

सुरुवात तर बरी झाली. एक उंच मुलगा उठला आणि म्हणाला की पुस्तक जाड आहे आणि हवेच्या दाबाचे नकाशे डोक्यावरून जातात. दुसऱ्यानं सांगितलं की वर्ग उन्हाच्या बाजूला आहे, दुपारी झोप येते. बाई हसल्या. "ती तुला कुठल्याही वर्गात येते," मागून कुणीतरी बोललं. कुणी म्हणालं, परीक्षा सोपी होती, कुणी म्हणालं, अवघड. माझी बोटं भराभर चालत होती. हे असंच चाललं तर आपण सुटलो, असं मला वाटलं.

मग पहिल्या बाकावरची मुलगी उठली. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, सत्रभर एकही तास न बुडवलेली.

"बाई, मी आता बसमधून उतरले की आधी वर बघते," ती म्हणाली. "पूर्वी नव्हते बघत. हे सरांमुळे झालं." बाईंनी मान हलवली. मला तिला मिठी मारावीशी वाटली. पण ती बसली नाही.

"सर काल म्हणाले, उद्या माझ्याबद्दल बोलताना खिडकीचाच नियम. छान म्हणायचं नाही. दिसलं ते सांगायचं. म्हणून सांगते." तिनं चष्मा सारखा केला. "वाऱ्यांचा धडा सरांनी चार वेळा शिकवला."

दोघातिघांनी दाराकडे बघितलं.

"पण दर वेळी तितकाच मन लावून," उंच मुलगा घाईघाईनं म्हणाला. "पहिल्यांदाच शिकवतायत असा. आम्ही त्यांना कळू दिलं नाही. नवीनच असल्यासारखं लिहून घेतलं."

"पावसाचा धडा झालाच नाही," झोप येणारा म्हणाला. "आम्ही आपला आपण वाचला."

"सर प्रत्येक तासाला मला नाव विचारतात," मागची एक मुलगी म्हणाली. "मी सांगते. त्यांना आवडतं माझं नाव. रोज आवडतं."

"आणि एकदा ते खिडकीशी गेले ते वळलेच नाहीत," तिच्या शेजारचा म्हणाला. " काय करायचं ते त्यांना आठवत नव्हतं बहुतेक. मग आम्हीपण उठून त्यांच्यामागे उभे राहिलो, घंटा होईपर्यंत."

मोठ्या बाईंचा चेहरा उतरला होता. "मग तुम्ही कुणी तक्रार का नाही केलीत?"

"ही तक्रार नाही, बाई," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "ही नोंद आहे."

माझी बोटं केव्हाच थांबली होती. मला त्या पोरीचा इतका राग आला! एक दिवस खोटं बोलली असती तर आभाळ कोसळणार होतं का? 'सर छान शिकवतात' एवढं म्हणून बसली असती तर माझ्या बहिणीचं घर आणखी वर्षभर उभं राहिलं असतं. पण तिला खोटं बोलू नकोस असं शिकवणारा माणूस दाराबाहेर बसला होता. रागावणार तरी कुणावर?

मुलं गेल्यावर मी बाईंशी हुज्जत घातली. म्हटलं, सरच शिकवतात की एका दिवसाच्या हवेवरून हवामान ठरवू नये, त्यांची इतकी वर्षं बघा. बाईंनी ऐकून घेतलं. "त्यांची वर्षं मला माहीत आहेत," त्या म्हणाल्या. "मी त्यांचीच विद्यार्थिनी. कोर्स मी बंद करणार नाही. खिडकीपण राहील. पण उभं दुसऱ्या कुणालातरी करावं लागेल." बोलताना त्यांचाही आवाज धड नव्हता, त्यामुळे पुढे भांडायचीसुद्धा सोय राहिली नाही.

भावोजी बाकावरच होते. मला पाहून उठले. "कसं झालं?"

"छान झालं," मी म्हटलं.

ते थांबले. भुवया वर गेल्या. "छान म्हणजे काय? दिसलं काय ते सांग."

रस्ताभर मी काहीबाही बोलत राहिले. पण ते मधूनमधून थांबून माझ्याकडे बघायचे. शेवटी बसस्टॉपवर मी सगळं सांगितलं. वाऱ्यांचा धडा, न झालेला पाऊस, मागच्या मुलीचं नाव, खिडकी. सांगताना त्यांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिले.

"चार वेळा?" ते म्हणाले. "मला वाटलं, दोनदाच."

आमची बस आली आणि गेली. "नोंद बरोबर आहे," ते म्हणाले. "कुणी काही लपवलं नाही, कुणी वाढवून सांगितलं नाही. शिकली गं पोरं." मी त्यांचा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच धरला असेल. "ताईला तूच सांग," ते म्हणाले. "मी सांगितलं असतं. पण घरी जाईपर्यंत माझ्या लक्षात राहील याची खात्री नाही."

राहिलं नाही. ताईला मीच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मी सकाळीच ताईकडे गेले. भावोजी बाहेरच्या खोलीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी मांडीवर घेऊन. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचे डोळे रडून सुजले होते. तिनं नुसती नकारार्थी मान हलवली.

"बरं झालं आलीस," भावोजी म्हणाले. "मुलांची मतं कधी आहेत गं?"

"झाली, भावोजी."

"झाली? मग? काय म्हणाली?" ते पुढे सरकून बसले. चेहऱ्यावर निकाल ऐकायला आलेल्या पोराची उत्सुकता होती.

एकदा मी हा घाव घातला होता आणि त्यांनी तो झेलला होता. आता पुन्हा घालायचा, आणि मग उद्या ताईनं, आणि परवा पुन्हा कुणीतरी. माझ्यानं ते होईना.

"पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, बसमधून उतरलं की ती आता आधी वर बघते."

"हां!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "हे बघ, हे निरीक्षण झालं. आणि पुढे?"

मी खिडकीकडे तोंड वळवलं. "वरचं दिसलं नाही, भावोजी."

मी मागे वळले तेव्हा ते ताईकडे, तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत होते.

"नसेल दिसलं तर तसंच म्हणायचं," ते हळूच म्हणाले, आणि मांडीवरची पिशवी उचलून खाली ठेवली.