धर्माजीची रोपं

ओतूरच्या शिवारात हौशीरामला बसलेला कोणी पाहिला असेल, तर मला येऊन सांगा. माझा त्याचा बांधाला बांध. वीस वर्षांत मी त्याला एकदाच बसलेला पाहिला, तोही पोरीच्या लग्नात, फोटोवाल्यानं बसवला म्हणून. चहा उभ्यानं, भाकरी उभ्यानं. आधी टेम्पो चालवायचा, पण तिथं बसावं लागतं म्हणून सोडला असणार असं मी त्याला चिडवतो. मग बायकोच्या, साळुबाईच्या मदतीनं त्यानं रोपवाटिका काढली.

हा धंदा साधा आहे. शेतकरी टोमॅटोचं बी आणून देतो, हौशीराम ते ट्रेमध्ये टाकतो, पंचवीस-तीस दिवस लेकरासारखं सांभाळतो आणि रोपं मालकाला परत देतो. प्रत्येक ट्रेला मालकाच्या नावाची चिठ्ठी. ज्याचं बी त्याचीच रोपं. एकाची दुसऱ्याला द्यायची नाहीत. हे कुठं लिहिलेलं नाही, पण माणूस बियाची पुडी हातात देतो ती याच भरवशावर. अकरा वर्षं हौशीरामनं हे पाळलं होतं.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये हिरव्या जाळीचं शेडनेट रोपांनी काठोकाठ भरलेलं होतं आणि सगळं बंद झालं. बाजार बंद, रस्ते बंद, गावाच्या वेशीवर पोरांनी बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या. हौशीराम एकेकाला फोन लावायचा. जो तो म्हणायचा, राहू द्या आणखी आठ दिवस. पण रोप आठ दिवस थांबत नाही. ते उंच आणि किडकिडीत होतं, मुळं ट्रेमध्येच गुंडाळी करतात, खालची पानं पिवळी पडतात. वाढ रोखायला त्यानं पाणी तोडलं. दुपारी रोपं माना टाकायची, की हा पुन्हा झारी घेऊन धावायचा. दिवसभर शेडनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं सुरू. मला बांधावरून बघून वैताग यायचा. एकदा मी ओरडलोसुद्धा, की बाबा, तुझ्या चालण्यानं बाजार उघडणार आहे का? तो म्हणाला, थांबलो की जास्त भीती वाटते.

पुढे मालकच नाही म्हणू लागले. विकायचं कुठं, तर लावायचं कशाला? ज्यानं नाही सांगितलं त्याचे ट्रे हौशीराम मागच्या खड्ड्यात झटकायचा. रोपांचा ढीग कुजायला लागला. शेवटी तीसच ट्रे उरले, डिंभ्याच्या धर्माजीचे. धर्माजी पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक, आणि त्याचा फोन पंधरा दिवस बंद.

बी टाकल्यापासून अडतिसाव्या दिवशी आमच्याच शिवारातला गोरख आला. सगळ्यांनी हात आखडलाय म्हणजे पुढं भाव येणार, असा त्याचा हिशेब. कसलीही रोपं द्या म्हणाला. दोन दिवस आधी आला असता तर पाहिजे तेवढी नेली असती. आता धर्माजीचीच होती. हौशीरामनं त्याला नाही म्हणून सांगितलं, बांधापर्यंत पोचवलं आणि तिथूनच परत बोलावलं. पुन्हा धर्माजीला फोन लावला, लागला नाही. मग चिठ्ठ्या काढून तीसच्या तीस ट्रे गोरखच्या ट्रॉलीत चढवले. पैसे घेतले का? घेतले. रोपवाटिकेत राबणाऱ्या बायांची मजुरी अडली होती. पण मी समोर होतो, आणि मला विचाराल तर त्याच्यानं ती रोपं मरताना बघवत नव्हती.

चौथ्या दिवशी धर्माजी पिकअप घेऊन दारात. फोन फुटलेला, दुरुस्तीची दुकानं बंद, नंबर सगळे त्याच फोनमध्ये. दुधाच्या गाडीचा पास मिळवून बिचारा डिंभ्याहून आला होता. हौशीराम आत पाइप जोडत होता. साळुबाई पुढं झाली आणि तिनं त्याला मागचा ढीग दाखवला. म्हणाली, रोपं म्हातारी झाली, टाकावी लागली. धर्माजी ढिगाकडं बघत राहिला. मग उलट तिचीच समजूत घातली, की वहिनी, तुमचं तर आमच्यापेक्षा जास्त गेलं. पाणी प्यायला आणि गाडीत बसला.

खोटं खपलं होतं. कोणीही मानलं असतं. हौशीरामनं आतून सगळं ऐकलं होतं आणि तोंड उघडलं नव्हतं. गाडी वळली तशी तो शेडनेटमध्ये दोन फेऱ्या मारून आला, तिसरी अर्ध्यात सोडली आणि मोटारसायकलला किक मारली. साळुबाई मागून हाका मारत होती. मी माझी गाडी काढून त्याच्यामागं गेलो, कारण त्याचा चेहरा मला बरा दिसला नाही.

वेशीवर पोरं फांद्या बाजूला करत होती म्हणून धर्माजी सापडला. हौशीरामनं खिडकीशी जाऊन एका दमात सांगितलं.

"धर्माजीभाऊ, तुमची रोपं मेली न्हाईत. मी ती दुसऱ्याला दिली."

धर्माजीनं गाडी बंद केली आणि खाली उतरला. म्हणाला, "जगली व्हय? दाखवा."

आम्ही तिघं गोरखच्या वावरात गेलो. रोपांनी माती धरली होती, शेंड्याला नवी पानं फुटली होती. धर्माजी सरीतून थोडा चालला, एका कललेल्या रोपाला माती लावली. हौशीरामनं पैसे पुढं केले, त्यानं हात लावला नाही. आवाज न चढवता म्हणाला, "जगली, बरं झालं. पर आता माझं बी तुमच्याकडं टाकनार न्हाई, राव."

आणि खरंच टाकलं नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली. रोपवाटिका जोरात आहे, हौशीराम अजून उभाच आहे. दर मार्चला डिंभ्याकडची एखादी पिकअप दिसली की तो शेडनेटच्या दाराशी येतो.

मागं मी त्याला म्हणालो, त्या दिवशी गप्प राहिला असतास तर धर्माजी अजून येत राहिला असता.

"आला असता की," हौशीराम म्हणाला. "आन् मी दर साली त्याच्या हातून पुडी घेतली असती. त्या भ्यानंच तर त्याच्यामागं पळालो."