आपल्यातले, त्यांच्यातले

सोनवणे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. त्यांची मुलगी मृणाल एवढंच म्हणाली, "काकू, बाबा झोपेतच गेले. पुस्तक मात्र पुरं झालं हो." खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं... सरांना धास्ती मरणाची नव्हती, पुस्तक अर्धवट राहण्याची होती.

भाईंदर पश्चिमेला आम्ही शेजारी. सर परभणीकडचे, बौद्ध, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या कथा ते मराठीत आणत होते आणि मसुदा ऐकायला हक्काची श्रोती मी. तिथे तेव्हा गोऱ्यांचे आणि काळ्यांचे नळ वेगळे, बाकडी वेगळी, सगळंच वेगळं. एका कथेत स्टेशनवर दोन वेटिंग रूम होत्या. एकीवर पाटी 'व्हाइट', दुसरीवर 'कलर्ड'. त्या दुसऱ्या पाटीपाशी सरांचं घोडं अडलं. संपादकाने 'रंगीत' सुचवलं, तर म्हणाले, "होळी आहे का?" मी 'अस्पृश्य' म्हटलं. "नको, मग ते आमचं गाव होईल. आणि कलर्ड ही शिवी नव्हती हो, सभ्य माणसांचा शब्द होता. तोंडावर दार लावणारा, पण सभ्य... तसा हवाय मला." हृदय थकत चाललं होतं आणि हे एका शब्दासाठी अडून बसलेले. मला तर रागच यायचा त्यांचा.

मग मृणालसाठी भाड्याचं घर बघायला आम्ही तिघं पूर्वेला, इंद्रलोकच्या वस्तीत गेलो. घर छान, हवेशीर. आडनावं विचारून झाल्यावर एजंटने मला जरा बाजूला घेतलं. "मॅडम, ओनर पूछ रहा है... पार्टी आपल्यातलीच आहे ना? त्यांच्यातली नको म्हणतोय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी ऐकलंच होतं. पण हा माणूस चक्क हसला! "मिळाला शब्द. चल मृणाल, घर दुसरं बघू."

'आपल्यातल्यांसाठी' आणि 'त्यांच्यातल्यांसाठी'. दोन्ही पाट्या त्यांनी त्याच दुपारी लिहून टाकल्या. पुढच्या कथा भराभर झाल्या, मृणाललाही स्टेशनजवळ बरं घर मिळालं.

परवा छापील प्रती आल्या. सरांच्या पत्नी शांताबाई या इंग्रजी कथांच्या वाटेला कधी गेल्या नव्हत्या. त्या सरांच्या खुर्चीत बसल्या आणि ओळीवर बोट ठेवून ती कथा वाचू लागल्या. दुसऱ्या पाटीपाशी बोट थांबलं.

"ही माणसं अमेरिकेतली?"

"हो," मी म्हटलं.

"असेनात का, आपल्यातलीच की," म्हणत त्यांनी पान उलटलं.