बंद तुकडा नसलेलं मशीन

माझ्या भावाला त्याच्या लायब्ररीत सगळे केबलवाला म्हणतात. टीव्हीच्या केबलशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो सार्वजनिक लायब्ररीतले चौदा कॉम्प्युटर सांभाळतो, आणि त्या चौदांपैकी एकही वायफायवर चालत नाही, म्हणून खोलीभर निळ्या केबली पसरलेल्या असतात. लोक अडखळतात, पुटपुटतात आणि पेपर वाचायला निघून जातात. दादा वाकून केबल पुन्हा भिंतीलगत सरकवतो. वाकून वाकून पाठ गेली, पण हेका गेला नाही.

हेका असा. कॉम्प्युटरच्या मुळाशी कर्नल नावाचा प्रोग्रॅम असतो, तो तिथला कारभारी. कीबोर्ड, पडदा, आवाज, वायफाय, सगळ्यांना कामाला लावणारा तोच. दादाचा कर्नल फुकट मिळतो आणि त्याची ओळ न् ओळ कुणालाही वाचता येते. पण वायफायच्या चिपा बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या चिपेसोबत स्वतःचा एक बंद तुकडा देतात, त्याला फर्मवेअर म्हणतात. तो आत बसून काय करतो ते कुणाला कळत नाही आणि विचारायची सोय नाही. नेहमीचा कर्नल हा तुकडा निमूटपणे चिपेत भरतो. दादा वापरतो त्या कर्नलमधून असले सगळे तुकडे वेचून काढलेले असतात. मग चिप मुकी बसते, आणि दादा केबल आणतो.

"ज्याच्या पोटात काय आहे ते मला दाखवत नाहीत, त्याला मी घरात कशाला घेऊ?" असं तो म्हणायचा.

"तुझ्या पोटात काय आहे ते तरी कुणाला कळलंय?" असं मी म्हणायचे. तो हसायचा. त्याचा संसार याच पायी मोडला असं मी म्हणणार नाही, पण वहिनी जाताना बॅगेत आधी राउटर घालत होती, हे मी स्वतः पाहिलंय.

आई दादाकडेच राहायची. तिला ऐकू जवळजवळ येत नव्हतं. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखायची. मी लांब राहायला गेल्यावर दादाने तिला मोठ्या पडद्याचा एक लॅपटॉप तयार करून दिला, अर्थातच त्याच्या वेचलेल्या कर्नलचा. केबल पॅसेजमध्ये होती. त्यामुळे दर रविवारी आई पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटाशेजारी, स्टुलावर बसून माझ्याशी बोलायची. कुणाला बाथरूमला जायचं असलं की स्टूल सरकवायची आणि मला म्हणायची, "थांब, वाहतूक आहे."

मागच्या वर्षी तिला न्यूमोनिया झाला आणि तिला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. मी त्याच महिन्यात जिन्यावरून पडले होते. पाय प्लास्टरमध्ये. बारा तासांच्या प्रवासाला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. आईला मला बघायचं होतं, दुसरं काही ती मागत नव्हती. दादाचा फोन साधा, बटणांचा, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मुलीने आपला मोबाइल दिला, पण तेवढ्याशा पडद्यावर आईला माझे ओठ दिसेनात. ती नुसती "काय? काय?" करत राहिली. तिचा लॅपटॉपच हवा होता, आणि वॉर्डात केबल नव्हती, फक्त वायफाय.

"मग नेहमीचा कर्नल टाक ना," मी दादाला फोनवर म्हटलं. "अर्ध्या तासाचं काम आहे, तूच सांगतोस."

"बंद तुकडा न मागणारं एक छोटं वायफायचं यंत्र मिळतं, बाहेरून लावायचं. मागवलंय मी. आठ दिवसांत येईल."

"आठ दिवस?"

"ती बरी होतेय गं. डॉक्टर म्हणाले तसं."

"दादा, आई मोठी की तुझा कर्नल?"

तो म्हणाला, "तिच्या मशीनमध्ये मी आजवर झाकलेलं काही घातलं नाही."

माझं डोकं फिरलं. "मग बस त्या मशीनला कवटाळून. मी पुन्हा तुझं तोंड बघणार नाही." फोन आपटला आणि त्याचा नंबर ब्लॉक करून टाकला. तो सोमवार होता.

मंगळवारी संध्याकाळी माझ्या मोबाइलवर आईच्या लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल आला. मी डोकं चालवलं. लॅपटॉप हॉस्पिटलमध्ये चालत नाही, म्हणजे तो घरी, पॅसेजमध्ये आहे. आई घरी नाही, म्हणजे हा दादाच. नंबर बंद केला म्हणून या वाटेने मला अक्कल शिकवायला आलाय. मी कॉल कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा मी बराच वेळ वाजू दिला, मुद्दाम, त्याला ताटकळू दे म्हणून. मग कापला. जिंकल्यासारखं वाटलं.

बुधवारी सकाळी हॉस्पिटलच्या नंबरवरून फोन आला. आवाज दादाचा होता. आई गेली, एवढंच म्हणाला.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. रडू आलं नाही. लोक भेटायला यायचे आणि मी पलंगावरून त्यांना साखरेचा डबा कुठे आहे ते सांगायचे. जेवत होते, झोपत होते. दादावरचा राग तेवढा जागेवर होता, आणि तो मी जपून ठेवला होता, कारण दुसरं आत काही सापडत नव्हतं.

दोन महिन्यांनी, चालता यायला लागल्यावर, मी त्याच्याकडे गेले. आईची खोली आवरायची होती. दादा तिचे कपडे घड्या करून खोक्यात भरत होता. लॅपटॉप पलंगावर होता. फोटो बघावेत म्हणून मी उघडला, तर कोपऱ्यात आजूबाजूच्या घरांच्या वायफायची नावं एकाखाली एक यायला लागली. चिप चालू होती.

"वा," मी म्हटलं. "आई गेल्यावर बरी सोय करून घेतलीस. बसवलास ना बंद तुकडा?"

दादाने हातातल्या स्वेटरची घडी पुरी केली.

"आता नाही बसवला. मंगळवारी बसवला, ती असताना."

मी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"सोमवारी तू फोन ठेवलास. मग मला काही सुचेना. सकाळी कर्नल बदलला आणि संध्याकाळी भेटायच्या वेळात लॅपटॉप वॉर्डात नेला. लगेच लागलं वायफाय. उशा लावून तिला बसवलं. माझ्याकडून केस विंचरून घेतले तिने."

"मला सांगितलं का नाहीस?"

"माझा नंबर तू ब्लॉक केला होतास. आणि नंतर सांगून काय होणार होतं?"

त्याच्या आवाजात राग असेल म्हणून मी वाट बघितली. राग नव्हता. त्याने दुसरा स्वेटर उचलला.

"तीनदा लावला," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा बराच वेळ वाजत होता, तेव्हा तिला वाटलं तू येतेस. हसून बसली होती पडद्यासमोर."

"मग?"

"मग म्हणाली, राहू दे, कामात असेल ती."

मी कामात नव्हते. पाय उशीवर टाकून पडले होते, आणि पडद्यावर तिचं नाव दिसत असताना मोबाइल माझ्या हातात होता.