दहा किलो जादा

विमान हे माणसांसाठी नसून भाजणीसाठी असतं, हे पुरतं उमगलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो आमच्याच डोक्यावर, म्हणजे मैलापूरच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणतो. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात ते यंत्रांचे जाणकार, आणि त्याच कंपनीचा दुसरा कारखाना पुण्याजवळ चाकणला. त्यामुळे सोमवारी सकाळच्या विमानानं पुणे आणि शुक्रवारी संध्याकाळी परत, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. एवढं उडल्यावर माणूस एकतर वैतागतो, नाहीतर ढगांविषयी बोलायला लागतो. काकांनी ढगांकडे ढुंकून तरी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्यापाशी विमान कंपनीचं सोनेरी कार्ड होतं. त्या कार्डावर मऊ खुर्च्यांचा लाउंज होता, पहिली रांग होती, नाव घेऊन केलेला नमस्कार होता. काकांना त्यातली एकच ओळ दिसे: दहा किलो सामान जादा, फुकट. "माणसं वर बसवतात ती तिकिटाला निमित्त म्हणून," ते म्हणत. "खरं विमान खाली, पोटात असतं."

त्या दहा किलोंवर चेन्नईतली निदान दहा-बारा मराठी घरं पोसली जात होती. बँकेतले होते, रेल्वेतले होते, आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यातले होते. कुणाची आई पुण्याहून गोडा मसाला पाठवी, कुणाची सासू मेतकूट, कुणाची बहीण चिरोटे. काका सगळं आणत, मात्र आपल्या अटींवर. स्टीलच्या डब्याला त्यांच्याकडे थारा नव्हता. डबा हातात घेऊन, डोळे मिटून ते सांगत, "आठशे चाळीस. त्यातले तीनशे नुसता डबा. अहो, लाडू आणायचेत की भांडी?" आणि ताणकाट्याला लावला की काटा आठशे चाळीसवरच थांबे. आमची धाकटी लहानपणी त्यांच्या अंगावर झेपावली, तेव्हा तिला अधांतरी धरून त्यांनी "सव्वाअकरा किलो, हातातल्या बॅगेत बसत नाही," असा निकाल दिला होता. सुकं खोबरं विमानात चालत नाही, म्हणून पुण्यातल्या किती आयांनी केवळ काकांखातर आपल्या पिढीजात पाककृती बदलल्या याची गणतीच नाही. एकदा तपासणीवाल्यांनी त्यांची बॅग उघडायला लावली. आत कसलीशी तपकिरी पूड, तीन किलो, बिननावाची. काकांनी त्या अधिकाऱ्याला ती हुंगायला लावली आणि धान्यं कोणती, भाजायची कशी, थालीपीठ थापताना मधे भोक का पाडायचं, हे इतकं सविस्तर सांगितलं की मागची रांग दारापर्यंत गेली. शेवटी अधिकाऱ्यानं विचारलं म्हणे, "धणे किती घालायचे?" चेन्नईच्या काउंटरवरची मुलगी तर त्यांना पाहताच हसून म्हणे, "वांगा सार! इन्नैक्कु एत्तनै किलो?" या सर, आज किती किलो, एवढंच. इथून पुण्याला जाताना फिल्टर कॉफीची पूड आणि अप्पळम, म्हणजे इकडचे पापड, असत ना!

शुक्रवारी संध्याकाळी काकांच्या घरी दरबार भरे. काटा, जुनी वर्तमानपत्रं, नावांच्या चिठ्ठ्या, आणि सगळ्यांना चहा. डबे न्यायला आलेली माणसं दोन-दोन तास हलत नसत. तंजावरकडच्या एक आजी होत्या. त्यांच्या घराण्याला इकडे येऊन शतकं लोटली, पुण्यात त्यांचं कुणीच नाही. त्यांचा डबाही कधी येत नसे. त्या फक्त मराठी ऐकायला येत, आणि आमचं मराठी कानाला फार घाईचं लागतं अशी तक्रार करत. काकूंना जाऊन आठ वर्षं झाली, मुलगा परदेशी. शुक्रवारी मात्र त्या घरात चपला ठेवायला जागा नसे.

आणि मग विमान कंपनीकडून "आनंदाची बातमी!" अशा मथळ्याचं पत्र आलं. मोठ्या संस्थेनं आनंदाची बातमी दिली की आपण खिसा चाचपावा, हे आता शहाण्याला सांगायला नको. काकांनी ते दरबारात मोठ्यानं वाचून दाखवलं. यापुढे कार्ड किती फेऱ्या मारल्या यावर मिळणार नव्हतं, तिकिटाला किती पैसे मोजले यावर मिळणार होतं. काकांच्या कंपनीचा तिकीट विभाग तर त्यांना नेहमी अशा भाड्यानं पाठवी, ज्यात उभं राहून जायची सोय नाही म्हणूनच खुर्ची देतात. पुढे बसलं तर पैसे, खिडकीशी बसलं तर पैसे, पाय लांब केले तर वेगळे पैसे. साठवलेल्या पॉइंटांचीही तीच गत: जेवढ्यात पूर्वी दिल्लीला जाऊन येता यायचं, तेवढ्यात आता दिल्लीला जाता येई, परत यायचं ते आपलं आपण. आम्ही सगळे चिडलो. काका म्हणाले, "त्यांनाही पोट आहे रे. आणि मार्चपर्यंतच्या फेऱ्या जुन्या नियमानं धरतील. चारच कमी पडतायत."

त्या चार फेऱ्यांसाठी हा गृहस्थ दोन रविवार स्वतःच्या खर्चानं कोईमतूरला गेला आणि विमानतळाच्या बाहेर पाऊलही न टाकता परत आला. दुसऱ्या रविवारी परतीच्या विमानात वाचायला काही नव्हतं म्हणून त्यांनी तेच पत्र पुन्हा काढलं, या वेळी चष्मा लावून. शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, जुन्या फेऱ्या धरल्या जाणार नाहीत असं लिहिलं होतं. घरी येऊन त्यांनी आम्हाला हे सांगितलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "कोईमतूरचा विमानतळ छान आहे हो," म्हणाले.

एप्रिलमध्ये कार्ड गेलं. काकांना शेवटच्या रांगेतली मधली खुर्ची मिळू लागली. त्याचंही त्यांना कौतुकच, "दोन्ही बाजूंना ओळखी होतात!" पण सामान पंधरा किलोंवर आलं, आणि त्यातले आठ त्यांचेच: चार दिवसांचे कपडे आणि कारखान्यातले ते लोखंडी टोकाचे बूट. पहिल्या शुक्रवारी त्यांनी निम्मेच डबे आणले आणि उरलेल्यांची हात जोडून माफी मागितली. मग आम्ही सगळ्यांनी शहाणपणा केला. काकांना कशाला त्रास, म्हणून जो तो कुरियर करू लागला. पुढच्या शुक्रवारी ते खाली आमच्याकडे आले आणि दारातूनच विचारलं, "कुणी आजारी आहे का? कोणीच आलं नाही." मी म्हटलं, "तुम्हाला उगाच त्रास नको, म्हणून." ते दाराच्या कडीशी चाळा करू लागले. मग म्हणाले, "अरे, पुण्याला कंपनीची खोली आहे, शनिवार-रविवारही ठेवतात. मी दर शुक्रवारी इकडे कशाला येतो असं वाटतं तुला?" आपण माणसाची काळजी घेतो असं समजून त्याच्या तोंडचा घास काढला, याची लाज वाटली.

दोन आठवड्यांनी काकांनी एकेकाला फोन केले: डबे पाठवा, पहिल्यासारखे. आणि खरोखरच पूर्वीइतकंच सामान येऊ लागलं! दरबार भरला, आजी आल्या, काटा टांगला गेला. कसं जमवता म्हणून विचारलं तर ते म्हणत, "विमानाच्या पोटात जागा असते, शोधावी लागते." ते गुपचूप जादा सामानाचे पैसे भरत असणार, अशी माझ्या बायकोची खात्री होती.

त्याचा उलगडा मला मे महिन्यात पुण्याला झाला. माझी आई तिथे एकटी राहते; आमचा डबा काका तिच्याकडूनच आणत. मी वर्षातून दोनदा जातो, तेही येण्याआधी परतीचं तिकीट काढून. दार उघडलं तर चपलांच्या रॅकवर ते बूट, आणि गॅलरीत दोरीवर पाच शर्ट. वर्षानुवर्षं जिन्यात पाहिलेले ते चौकडीचे शर्ट मी लगेच ओळखले.

"त्यांचे कपडे आता इथेच असतात," आई म्हणाली. "एप्रिलात एकदा आले आणि म्हणाले, ताई, एक कप्पा मिळेल का? खोली दर आठवड्याला बदलते म्हणे, तिथे काही ठेवता येत नाही. तुझ्या कपाटातला खालचा दिला. अंगावरच्या कपड्यांनिशी येतात, अंगावरच्या कपड्यांनिशी जातात. बॅग अख्खी डब्यांना. आता लोक डबे इथेच आणून देतात, गुरुवारी नुसती झुंबड असते बघ. जेवूनच जातात तुमचे काका. आणि दाराशी एवढाले बूट असले की विकणारे बेल वाजवत नाहीत."

हे सगळं ती एका दमात बोलली. फोनवर माझ्याशी ती एवढं कधी बोलत नाही, कारण मी तेवढा वेळ थांबत नाही. काकांनी मला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं, आणि आईनंही नाही. मला त्यांचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? आणि त्याहून जास्त वाटलं की चेन्नईला परतताच वर जाऊन त्या माणसाच्या पाया पडावं.

आईनं शर्ट काढून माझ्या मांडीवर टाकले. ती बटाट्याच्या काचऱ्या करायला आत गेली, आणि मी एकेक शर्ट कसाबसा घडी करून ठेवू लागलो. तिनं स्वयंपाकघराच्या दारातून वाकून पाहिलं.

"अशी नाही, नीट घाल घडी," ती म्हणाली. "सोमवारी घरचं माणूस यायचंय."

मी घडी मोडली आणि पुन्हा घातली.