‘कॅरी’चा पंधरा मिनिटांचा पाठ

“नुसतं सांगू नको. करून दाखव.”

एवढंच म्हणाले ते. विषयतज्ज्ञ. बाहेरगावाहून खास बोलावलेले. मी फळ्याजवळ उभी होते, हातात खडू. समोर टेबलामागं पाच माणसं, त्यांच्या मागं बाकांवर बी.ए.ची पोरंपोरी. नगरातल्या एका कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापकाची कायमची जागा निघाली होती. एकच. तिच्यासाठी माझा पाठ चालू होता आणि हे गृहस्थ मला डोक्यावर ओझं घेऊन वर्गात चालून दाखव म्हणत होते.

सगळं पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल बाई तापट आहे. तापट मी आहेच.

त्याच कॉलेजात मी सहा वर्षं तासिकेवर शिकवत होते. तासिकेवर म्हणजे तास घेतला तर मॅडम, सुट्टी लागली की कुणी नाही. दर जूनमध्ये नवा अर्ज, नव्यानं हात जोडणं. वय चौतीस. याआधी इथं इंग्रजीची कायमची जागा निघाली होती तेव्हा मी शाळेत होते. म्हणजे ही गेली की माझं संपलं. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. त्यांना ते जास्त ठाऊक होतं.

पद्धत अशी ठरली होती. उमेदवारानं चिठ्ठी काढायची. चिठ्ठीत रोजच्या वापरातलं एक इंग्रजी क्रियापद. तयारीला अर्धा तास, मग पंधरा मिनिटं पोरांना शिकवायचं. स्पेलिंग, अर्थ, उगम. शेवटी उदाहरणं, आणि ती स्वतःच्या आयुष्यातली हवीत, असं सूचनापत्रात छापलेलं होतं. स्वतःच्या आयुष्यातली. मी ते वाक्य दोनदा वाचलं होतं.

माझ्या चिठ्ठीत निघालं ‘कॅरी’. वाहून नेणं. मला हसू आलं. वाटलं, देवानंच हात घातला चिठ्ठ्यांत.

पाठ चांगला चालला होता. खोटं कशाला बोलू. सी, ए, डबल आर, वाय. भूतकाळात वाय जातो आणि आय येतो. मग अर्थ. ओझं नेणं, निरोप नेणं, पोटात मूल वागवणं, बेरजेत हातचा धरणं. पोरं लिहून घेत होती. उगमाला नुसता हात घातला होता. हा शब्द फ्रेंचांकडून इंग्रजीत आला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधली चाकांची गाडी आहे, इथपर्यंत आले आणि घड्याळ बघून आधी उदाहरणं घ्यावीत असं ठरवलं. फळ्यावर वाक्य लिहिलं, माझी आई डोक्यावर ऊस वाहते. इंग्रजीत. त्याखाली दुसरं, सहावीपासून दहावीपर्यंत दिवाळीनंतर दोन महिने मीही वाहिला.

तज्ज्ञांनी पेन खाली ठेवलं. “गाव कोणतं तुमचं?”

“तिसगावजवळ. पाथर्डी तालुका.”

“म्हणजे कोयत्यावाले.”

“हो सर. ऊसतोडीला जातात आईवडील.”

तिथून पुढं मी ‘तू’ झाले. माझ्या आधीच्या उमेदवाराला ते शेवटपर्यंत ‘आपण’ म्हणत होते. मी दाराबाहेर बसून ऐकलं होतं.

“उदाहरण छान आहे. पण मोळी कशी नेतात ते या शहरातल्या मुलांना काय कळणार? नुसतं सांगू नको. करून दाखव.”

संस्थेचे अध्यक्ष मधे बसले होते. त्यांना ते फारच आवडलं. त्यांनी शिपायाला कपाटातले जाड शब्दकोश काढायला सांगितले. तो माझ्याकडं बघत घुटमळला. मग त्यानं अकरा खंड सुतळीनं बांधले.

मी नको म्हणू शकले असते. सभ्य शब्दांत, इंग्रजीत, हसत हसत. मला सगळे शब्द येतात. पण जागा हवी होती. हवी हवी म्हणून जीव नुसता तुटत होता. वाटलं, दोन पावलं चालायची आहेत, चालू. खुश होतील.

आणि मग ते झालं ज्याची मला अजून शरम वाटते. फळा पुसायचं फडकं टेबलावर पडलं होतं. माझ्या हातांनी ते उचललं, पिळलं, गोल वळवलं आणि त्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. कुणीही सांगितलं नव्हतं. चुंबळ म्हणजे ओझ्याखाली घ्यायची कापडाची कडी, हे त्या पाचांतल्या एकालाही माहीत नसेल. मी एम.ए., मी नेट झालेली, मी शेक्सपिअर शिकवणारी, आणि माझे हात मला न विचारता उसाच्या फडात जाऊन आले. खडूची पूड केसांत, कपाळावर, डोळ्यांत उतरली.

शिपायानं गठ्ठा चढवला. मी फळ्यापासून दारापर्यंत चालले. दारापासून परत. मान ताठ, कमर सैल, आईनं शिकवलं होतं तसं. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बरेच हसले. एका पोरानं मोबाईल वर धरला.

अध्यक्ष म्हणाले, “बघा, रक्तातच असतं. शिकवावं लागत नाही.”

तज्ज्ञ म्हणाले, “आता तसंच राहून फळ्यावर स्पेलिंग लिही बघू.”

मी खडू उचलला. होय, उचलला. सी लिहिला. ए लिहिला. लिहिताना तिरक्या नजरेला तिसऱ्या बाकावरची मुलगी दिसली. आमच्याच भागातली. आईवडील फडावर, ही मामाकडं राहून शिकते. मागच्या वर्षी पालकांचा व्यवसाय या रकान्यात तिनं ‘बागायतदार’ लिहिलं होतं आणि मी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाळा, ऊसतोड लिही, त्यात लाजायचं काय? ती आता हसत नव्हती. वहीत तोंड खुपसून बसली होती. तिचे कान लाल झाले होते.

मी हिला काय शिकवलं होतं आणि आता काय शिकवत होते?

“मी हे करणार नाही,” मी म्हणाले. मराठीत. मोठ्यानं.

मी दोन्ही हातांनी गठ्ठा उतरवला आणि टेबलावर, तज्ज्ञांच्या कागदांवर ठेवला.

“माझी चार मिनिटं उरलीत. पाठ पुरा करते.”

“बसा, कळलं आम्हाला,” अध्यक्ष म्हणाले.

मी बसले नाही. माझा आवाज चिरकत होता, तरी पोरांकडं तोंड करून उगम सांगितला. हा शब्द आधी गाडीचा होता. माल गाडीनं नेणं, एवढाच त्याचा अर्थ. माणसाच्या अंगावर तो नंतर आला. आमच्या फडात चिखल झाला, ट्रक आत येईना, की बाया डोक्यावर मोळी घेऊन रस्त्यापर्यंत जातात आणि फळीवरून ट्रकवर चढतात. जिथं गाडी जात नाही तिथं बाई जाते. हे लिहून घ्या, म्हणाले. त्या मुलीनं वहीतून मान वर केली आणि लिहिलं.

बाहेर आल्यावर नळाखाली डोकं धरून रडले. शूर वगैरे काही वाटत नव्हतं. हातातलं घालवलं, एवढंच वाटत होतं.

जागा दुसऱ्याला मिळाली. तासिकांच्या यादीतूनही माझं नाव गेलं, विचारलं तर म्हणे विद्यार्थी कमी झाले. त्या पोराचा व्हिडिओ मात्र फिरला. त्यात माझं गठ्ठा घेऊन चालणंच तेवढं ठेवलं होतं, नकार कापून टाकला होता. मी विद्यापीठाकडं लेखी तक्रार केली. पाचही जणांची नावं, कोण काय बोललं, शब्दाला शब्द. परवा प्राचार्यांनी बोलावून एक टाईप केलेलं पत्र पुढं सरकवलं. ‘सदर तक्रार गैरसमजातून केली होती.’ सही केली तर जूनपासून तासिका सुरू. सोमवारपर्यंत मुदत.

पत्र घेऊन गावी गेले. आईनं व्हिडिओ शेजारणीच्या मोबाईलवर आधीच पाहिला होता.

“सही कर,” ती म्हणाली. “डोस्क्यावर घेतलं तर काय झिजलं गं? आमी जलम काढला त्यात. हसतील त्यांचे दात दिसतील.”

“आये, तू पोटासाठी वाहिलंस. मला त्यांनी मजा बघायला वाहायला लावलं.”

“आन् आता पोटाचं काय? तुझं बी अन् आमचं बी? माजं गुडघं गेलं. औंदाचा हंगाम न्हाई व्हायाचा माझ्यानं.”

ती खरं बोलत होती. तिच्या मानेत कायमचा एक बाक आलाय, वर बघायचं तर सगळं अंग मागं न्यावं लागतं. तशीच अंग मागं नेऊन ती माझ्याकडं बघत राहिली.

“लई हसले व्हय गं?” तिनं हळू विचारलं.

“व्हय.”

“त्या पोरी बी?”

“एक न्हाई हसली.”

आई चुलीकडं वळली. सही कर असं परत म्हणाली नाही.

आज रविवार आहे. तक्रारीनं काही होईल अशी मला आशा नाही. चौकशी बसेल, त्यात त्यांचीच माणसं असतील, अळीमिळी गुपचिळी होईल. दुसरी कॉलेजं माझं नाव ऐकून फाईल मिटतील. रात्री झोप लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही. घर कसं चालणार हे मला खरंच माहीत नाही.

पण त्या तक्रारीत पाच माणसांची नावं आहेत, माझ्या अक्षरात. ती मी खोडणार नाही. उद्या प्राचार्यांच्या टेबलावर पत्र परत ठेवणार आहे, सहीची जागा कोरी ठेवून.