कालच्या हिशेबाचं घड्याळ

लोकांना समुद्रात पाण्याखाली फिरवून आणणं हा मास्तरांचा धंदा, आणि त्यांची एक खोड होती. कुणी टाकी पाठीला लावली की ते विचारणारच, "आत कुठली हवा आहे, बघितलंस का?" शिकाऊ मंडळी त्यांची नक्कल करून हसायची. मास्तरही हसायचे, पण उत्तर मिळाल्याशिवाय कुणाला नावेतून उतरू द्यायचे नाहीत.

आज त्यांना कुणी विचारलं नाही. मास्तरांना कोण विचारणार?

किनाऱ्यावर आल्यावर दुकानामागच्या दोरीवर ओले सूट टाकताना त्यांचं कोपर ठणकायला लागलं. टाक्या उचलल्या म्हणून असेल, असं ते मनाशी म्हणाले. मग मनगटावरच्या डायव्हिंगच्या घड्याळाकडे नजर गेली. टाकीत कुठली हवा आहे ते त्याला सांगितलं की खाली किती वेळ राहता येईल ते तेच मोजतं. घड्याळ कालच्याच हिशेबावर होतं. काल टाक्यांत जादा ऑक्सिजनची हवा होती. तिच्यात नायट्रोजन कमी, म्हणून खाली जास्त वेळ राहता येतं. आज त्या टाक्या संपल्या, म्हणून साधी हवा घेतली होती. तिच्यातला नायट्रोजन अंगात जास्त मुरतो आणि जास्त वेळ राहून माणूस वर आला की त्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, सांध्यांत, नाहीतर थेट मणक्यात. घड्याळ बिचारं सांगितलं तेवढंच ऐकतं. ते खाली 'अजून वेळ आहे' म्हणत राहिलं आणि हे निवांत मासे दाखवत फिरले.

एकटे असते तर गोष्ट वेगळी. सोबत सख्खी पुतणी होती. तिच्या घड्याळाची बॅटरी गेली होती, तेव्हा "माझ्याजवळून हलू नकोस, माझं घड्याळ आहे की," असं यांनीच ठासून सांगितलं होतं.

ती पलीकडे नळाखाली बूट धूत, गुणगुणत बसली होती. भावाला काय तोंड दाखवायचं? घाबरलेला माणूस फार समजूतदार होतो. पोरीला काही झालेलं दिसत नाही, उगाच कशाला धास्ती घालायची, असं मनाला पटवून ते कोपर चोळत राहिले.

"काका," ती जरा वेळाने म्हणाली, "पायाला मुंग्या आल्यात. कधीची झटकतेय, जातच नाहीत."

मग मात्र मास्तर धावले. तिला आडवं केलं, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला. घाईत डॉक्टरांना फोन लावताना आकडे चुकले. शेवटी फोन स्पीकरवर टाकून त्यांनी घड्याळाचं आणि पोरीच्या पायाचं सगळं सांगून टाकलं.

"गाडी निघाली आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला काही त्रास?"

"कोपर दुखतंय."

"कधीपासून?"

खोटं बोलायचं त्राणही उरलं नव्हतं. "ही बूट धुवायला बसली, त्याच्याही आधीपासून."

पुतणीने मास्क बाजूला केला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"मास्क लाव, बाळा."

तिने लावला. पाय हलतोय का, हे तिला विचारायची मास्तरांची छाती झाली नाही.