पॅनेल कुणी केलं
नणंदेनं भावजयीची बाजू घ्यायची नसते म्हणे. घेणार! तो माझा सख्खा भाऊ आहे म्हणून काय डोळ्यांवर पट्टी बांधू?

दादाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. मागं, स्वयंपाकघरातल्या खिडकीखालच्या टेबलावर वहिनी बसते. लग्नाआधी तिनं सहा वर्षं रेडिओच्या कारखान्यात सर्किटं जोडली. सोल्डरिंगचा थेंब ती मोहरीएवढा टाकते, आणि तो बरोबर जागेवर बसतो. दादाचे हात बॅटऱ्या उचलायला उत्तम. त्याला सोल्डरिंगला बसवलं की टेबलाला भोक पडलंच म्हणून समजा. म्हणून नाजूक काम ती करते, तो बाहेर नेऊन देतो, आणि 'वा, काय काम आहे!' असं कुणी म्हटलं की मान डोलावतो. अकरा वर्षं हे असंच चाललंय. ती म्हणते, जाऊ दे गं. मी का म्हणून जाऊ देऊ?

मग त्या जीपवाल्याचं काम आलं. आम्ही त्याला गॉगल म्हणतो, कारण त्याचा गॉगल कायम डोक्यावर, डोळ्यांवर कधीच नाही. सुटीच्या दिवशी मुद्दाम दगडधोंड्यांत गाडी घालायची आणि मग दिवसभर ती बाहेर काढत बसायचं, ही त्याची हौस. त्यानं पुढं, मागं, टपावर असे सहा जादा दिवे लावून घेतले होते आणि बटणं जागा मिळेल तिथं. एक तर चक्क सीटखाली! त्याला सगळी एका ठिकाणी, हाताशी हवी होती. बाजारातलं तयार पॅनेल त्याच्या डॅशबोर्डच्या खाचेत बसेना.

वहिनीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर खाचेचं माप उतरवलं. ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला, सहा चौकोन कापले आणि कानस घेऊन घासत बसली. बटण ढिलं नको, घट्ट नको, कट्ट करून बसलं पाहिजे. पाचवा चौकोन केसभर मोठा झाला, तर बाईनं अख्खा पत्रा बाजूला टाकून नव्यानं सुरुवात केली. "बटण चाललं असतं गं, पण मला ते दिसत राहिलं असतं," म्हणाली. मग प्रत्येक दिव्याला वेगळा फ्यूज, वेगळा रिले, म्हणजे दिव्यांचा जड करंट बटणातून जाऊन ते वितळायला नको. चार दिवस ती मान मोडून हेच करत होती. आणि दादानं काय केलं? तिनं चिठ्ठ्या लावून दिल्या तशी टोकं जोडली, गाडीत बसवलं आणि बोल्ट आवळले.

गॉगल बेहद्द खूश झाला. त्याच्या हौशी मंडळींतल्या आणखी आठ जणांना तसंच पॅनेल हवं होतं. "कारागिराचा एक फोटो पाहिजे," म्हणाला. आणि आमचे बंधुराज जीपच्या दारात, पॅनेलवर हात ठेवून, पोट आत ओढून उभे! वहिनी पदराला हात पुसत मागून बघत होती.

गॉगल गेल्यावर तिनं अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "मला बाकी काही नको. एकदा लोकांसमोर म्हणा, हिनं केलंय. एवढंच."

"अगं, गिऱ्हाईक बिचकतं," दादा म्हणाला. "तुझं काय नि माझं काय, दुकानाचंच नाव होतंय ना?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तिचं लाव की दुकानाला!" मी म्हणाले. तो म्हणाला, तू मध्ये पडू नकोस.

आठवड्यानं गॉगल परत आला, तोंड एवढंसं करून. एक दिवा लावला की ठीक, दुसरा लावला की दोन्ही मंद, तिसरा लावला की सगळे मिणमिणते. दादानं पॅनेल उघडलं, मिटलं, फ्यूज बदलले, बटणांवर टिचक्या मारल्या. शेवटी म्हणाला, "अर्थ लागत नाहीये."

वायरिंगवाल्यांचा अर्थ म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनसची वायर. गॉगलला ते कुठलं माहीत! "मालक, तुम्हालाच अर्थ लागत नसेल तर मी काय करू?" तो म्हणाला. मी आतल्या आत हसून घेतलं.

मग दादा स्वयंपाकघरात आला आणि वहिनीच्या कानाशी लागला. "जरा बघतेस का? तू बाहेर नको येऊस. मी पॅनेल काढून इथंच आणतो."

ऐकलंत? बाहेर नको येऊस!

"पॅनेलला काही झालेलं नाही," वहिनी म्हणाली. "गाडी बघावी लागेल. आणि गाडी काही स्वयंपाकघरात मावत नाही."

ती सरळ बाहेर गेली. बॅटरीच्या मायनसला एक वायर लावली, दुसरं टोक दिव्यांच्या अर्थच्या वायरीला टेकवलं, आणि दिवे भकाभक पेटले. मग तिनं अर्थचा बोल्ट काढला. खाली गाडीचा रंग जसाच्या तसा. आमच्या कारागिरानं रंगावरच बोल्ट आवळला होता! रंगातून कधी करंट जातो का? वहिनीनं पॉलिश पेपरनं रंग खरवडला, पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला. साही दिवे लख्ख.

"अरे वा, वहिनी!" गॉगल म्हणाला. "तुम्हीपण शिकलात वाटतं यांच्याकडून?"

मी दादाकडं पाहिलं. बोल रे बाबा, आता तरी बोल.

दादा हसला. "हो, शिकतेय हळूहळू."

वहिनी रडली नाही, ओरडली नाही. मी असते तर पाना फेकून मारला असता. तिनं रागातसुद्धा आधी बॅटरीची वायर सोडली. मग गाडीत वाकून पॅनेल बाहेर ओढलं आणि मागची सगळी टोकं एकेक करून उपटली, वर लावलेल्या चिठ्ठ्याही फाडून टाकल्या. ते पॅनेल तिनं दादाच्या हातात ठेवलं.

"मी अजून शिकतेय ना? जोडून दाखवा. मी बघते."

दादानं पॅनेल उलटं केलं, सुलटं केलं. एक वायर उचलली, एका पिनेजवळ नेली, परत मागं घेतली. गॉगल एकदा त्याच्याकडं बघे, एकदा तिच्याकडं. मला भावाची दया यायला हवी होती. नाही आली.

"हिनं केलंय," शेवटी तो पॅनेलकडं बघत पुटपुटला.

"त्यांच्याकडं बघून म्हणा," वहिनी म्हणाली.